सहावा स्क्रू

लीलाधर फिरकेचा अ‍ॅम्प मी आजवर नऊ वेळा उघडला.
पाठीमागे सहा स्क्रू. एक कायम हरवलेला,
त्याच्या जागी सायकलचा.

पहिल्यांदा उघडला तेव्हा आत कोळसा होता.
भुसावळची इंजिनं केव्हाच विजेवर गेलेली,
तरी इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये लाकडी फळ्यांखाली
काळी भुकटी उरली होती थोडी, ड्रम वाजला की उडायची.
शनिवारी तिथे दोन ड्रायव्हर, एक गार्ड आणि डेस्मंड
रॉक वाजवायचे. पोस्टरवर लीलाधर मावेना
म्हणून डेस्मंडने त्याला लेस्ली केलं.
आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली,
'नाव बदलं ते बदलं, जेवाले तरी घरी येत जाय.'

हावडा मेल भोंगा द्यायची तेव्हा
सगळे थांबायचे, हा नाही थांबायचा.
तार वर ओढत ओढत भोंग्याच्या सुराला नेऊन टेकवायचा
आणि गाडी पुलापलीकडे जाईपर्यंत तिथंच धरून ठेवायचा.
मी दुकानात सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन ऐकत बसलो,
बोट भाजलं तेव्हा कळलं.

तो बँड भांडणाने फुटला नाही.
बदलीच्या ऑर्डर आल्या: इटारसी, दौंड,
आणि डेस्मंडची बहीण पर्थला होती.

मग जळगावचा ऑर्केस्ट्रा. सफारी सूट, आठ मात्रांचा सोलो,
नववी मात्रा वाजली की मालक डोळे वटारायचा.
अमळनेरच्या यात्रेत त्याने नववी वाजवली, विसावी वाजवली,
चाळिसावीला मालकाने प्लग ओढला.
चार हजार माणसं बघत होती.
हा शांतपणे वायर कोपराला गुंडाळत राहिला,
एक वेढा, दुसरा वेढा, घाई नाही,
आणि स्टेजच्या पुढच्या बाजूने उतरून एसटीत बसला.

धुळ्याची पोरं त्यानंतर. वयाने निम्मी, केस खांद्यापर्यंत,
अहिराणीत ओरडायची, 'आम्हनं कोन्ही ऐकस का?'
तीन कार्यक्रम झाले. तिसऱ्याला ऐकणारे अकरा,
त्यात मी आणि माझा भाचा.
भूपेश नावाच्या ड्रमरला पुण्यात नोकरी लागली.

चौथ्या की पाचव्या वेळी उघडला तर आत हळद.
चोपड्याच्या बँडगाडीवर होता तो तेव्हा,
लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर,
गाडीपासून दहा मीटर वायर, तेवढंच त्याचं अंगण.
घोडा, नवरदेव, जनरेटरचा धूर,
आणि दोन नाचगाण्यांच्या मधल्या फटीत
हळूच ती हावडा मेलची तार.
पोरं तिच्यावरही नाचायची. त्याचं त्याला वाईट वाटायचं नाही.

एकदा विचारलं, एका जागी का टिकत नाहीस?
म्हणाला, 'रशीदभाई, मी तर भुसावळातच आहे,
बँडच येतात नि जातात, गाड्यांसारखे.'
हे तो सगळ्यांना सांगतो. खरं नाही.
जळगाव सुटलं तेव्हा तीन रात्री माझ्या दुकानात झोपला होता,
कॅबिनेटला पाठ लावून,
आणि मी शटर अर्धंच ओढायचो.

आज नववी वेळ. आत केळीच्या सोपटाचं उंदराचं घरटं,
सावद्याच्या गोदामातलं असणार. ते काढलं, ब्रश फिरवला.
'आवाज कचरतो,' तो म्हणाला, 'वरच्या सुराला.'
मी सगळं तपासलं. दोनदा.
अ‍ॅम्पमध्ये काही नव्हतं.
मग त्याने वाजवून दाखवलं, तेव्हा डाव्या हाताचं अनामिक बोट दिसलं,
तारेवर ठेवतो तिथं ते पोचत नव्हतं,
अर्धा सूत अलीकडे, थंडीतल्या माणसासारखं.

मी चांगला कॅपॅसिटर काढून नवा घातला.
साठ रुपये घेतले, नाहीतर त्याला संशय आला असता.
त्याने पुन्हा वाजवलं. 'आता बरंय.'

फोन वाजला. नंदुरबारची कुणी मुलं, शुक्रवारी येता का विचारत होती.
फोन हाताने झाकून त्याने मला विचारलं,
'जाऊ का रे?'

मी टेबलाखाली वाकून
सहावा स्क्रू शोधत होतो.